आरशाची पाठ

काम मनुष्याच्या ज्ञानाला कसा झाकून टाकतो हे सांगताना भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धुराने झाकलेला अग्नी, मळाने झाकलेला आरसा आणि वारेने वेढलेला गर्भ असे तीन दृष्टांत दिले आहेत. या तिन्हींमधला तरतमभाव निरूपणकारांनी परोपरीने उलगडून दाखविला आहे. परंतु मधल्या दृष्टांतातला आरसा कशाचा, या साध्या प्रश्नाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मळलेला आरसा म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे काचेवर बसलेली धूळ येते, आणि ती फडक्याच्या एका हाताने निघून जाते. ते वचन रचले गेले त्या काळी मात्र आरसा धातूचा असे. धातूवरचा मळ केवळ बाहेरून येऊन बसत नाही. हवेतील ओल आणि हाताचा घाम यांच्याशी संयोग होऊन तो धातूच्या अंगातूनच उपजतो, आज घासून काढला तरी काही दिवसांनी पुन्हा उपजतो, आणि परिश्रमावाचून जात नाही. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे त्या दृष्टांताला वेगळीच धार येते. आणि आरशाची निगा हा घरातल्या कामांमधला किरकोळ विषय नसून तिला स्वतःचा एक दीर्घ इतिहास आहे, हेही कळून येते.

धातूच्या आरशाची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननांत तांब्याचे व काशाचे मुठीचे आरसे सापडले आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात दासींच्या मेळाव्यात प्रसाधन करणारी, हाती आरसा धरलेली राजस्त्री चितारली आहे. वात्स्यायनाने नागरकाची दिनचर्या सांगताना प्रातःकर्मांत आरशात मुख पाहणे आवर्जून घातले आहे. देवालाही हा उपचार चुकलेला नाही. छत्र, चामर यांच्या बरोबरीने दर्पण हा राजोपचारांत मोडतो. जी मूर्ती मातीची किंवा रंगविलेली असल्यामुळे जलस्पर्श सहन करू शकत नाही, तिचे प्रतिबिंब आरशात धरून त्या आरशावर अभिषेक करण्याची रीत आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या सेवेकऱ्यांमध्ये बडव्यांखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे अशी घराणी वंशपरंपरेने नेमलेली होती, त्यांपैकी पोषाखानंतर देवाला आरसा दाखविण्याचे काम डिंगऱ्यांकडे असे. ज्या समाजाने एका घराण्याची सेवा आरसा दाखविण्याशी जोडली, त्या समाजात आरसा उजळ ठेवणे हे प्रतिष्ठेचे काम मानले जात असले पाहिजे.

त्या उजळपणाला किती सायास लागत, याचे जिवंत प्रमाण केरळातील आरन्मुळा या गावी आजही पाहावयास मिळते. तेथील कारागीर तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून आरसा ओततात, आणि त्यात कथिलाचे प्रमाण सुमारे एकतृतीयांश असते. भांड्यांच्या किंवा घंटेच्या काशात कथील याहून बरेच कमी असते. प्रमाण थोडे जरी ढळले तरी धातूला आरशाची झळाळी येत नाही. आणि ते अचूक साधले तरी तो धातू इतका ठिसूळ असतो की हातून पडल्यास काचेसारखा फुटतो. मातीच्या मुशीतून निघालेली ती काळसर तबकडी लाकडाच्या पट्टीवर बसवून, तागाच्या कापडावर तेल आणि जाळलेल्या भाताच्या तुसाची बारीक पूड घेऊन दिवसच्या दिवस घासली जाते, आणि अखेरीस मऊ कापडावर उजळली जाते. या आरशाला बोट टेकवून पाहिले तर बोट आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यामध्ये तिळभरही अंतर राहत नाही, कारण प्रतिबिंब धातूच्या दर्शनी पृष्ठावरच उमटते. काचेच्या आरशात मात्र काचेच्या जाडीएवढे अंतर दिसते, कारण तेथे प्रतिबिंब देणारा थर काचेच्या पाठीमागे असतो. आरशाच्या निगेचा सारा इतिहास या एका अंतरात सामावलेला आहे, असे मला वाटते. धातूच्या आरशाचा प्राण त्याच्या मुखावर असतो, म्हणून त्याची सेवा मुखाचीच. काचेच्या आरशाचा प्राण त्याच्या पाठीवर असतो, आणि पाठ जपावयाची हे कळावयास माणसाला फार काळ लागला.

काचेच्या आरशाची मोठी पेठ सोळाव्या शतकात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर वसली. सपाट दगडी मेजावर कथिलाचा अत्यंत पातळ वर्ख सुरकुती न पडू देता पसरावयाचा, त्यावर प्रथम थोडा पारा चोळून मग भरपूर पारा ओतावयाचा, आणि त्या चकाकत्या थरावर स्वच्छ काच एका कडेने अशी सरकवीत न्यावयाची की मध्ये हवेचा बुडबुडा राहू नये. नंतर काचेवर वजने ठेवून मेज हळूहळू कलते करावयाचे, म्हणजे जास्तीचा पारा निथळून जाई आणि काही आठवड्यांनी कथील व पारा यांचा एकजीव थर काचेला धरून राही. ही विद्या फ्रान्सने 1665 च्या सुमारास व्हेनिसचे कारागीर फितवून आपल्याकडे नेली, आणि 1684 मध्ये पुऱ्या झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात 357 आरसे बसविले गेले. परंतु त्या वैभवाची किंमत कोणी मोजली, हे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. पाऱ्याची वाफ रात्रंदिवस श्वासावाटे घेणाऱ्या त्या माणसांना कंपवात आणि दमा जडे. धातूच्या आरशासाठी घरोघरी जे थोडे थोडे कष्ट रोज वाटून घेतले जात होते, ते आता कारखान्यातील मूठभर माणसांच्या शरीरावर एकवटले. घराचा भार हलका झाला, तो अशा रीतीने झाला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

हे विलायती आरसे सुरत, मुंबई आणि गोव्याच्या बंदरांतून आपल्याकडे आले, ते प्रथम अमीर-उमरावांच्या दिवाणखान्यांत. पुण्याच्या शनिवारवाड्यात गणेश रंगमहाल, हस्तिदंती महाल यांच्या जोडीला आरसेमहालही होता. 1828 च्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या, त्यांबरोबर तोही गेला. दिवाणखान्यात आरसे लावण्यामागे केवळ ऐश्वर्याचे प्रदर्शन नव्हते. समया, हंड्या आणि झुंबरे यांचा मंद प्रकाश समोरासमोरच्या आरशांतून परावर्तित होऊन दालन उजळून निघे, आणि तेलाच्या दिव्यांच्या त्या काळात ही मोठी सोय होती. परंतु जो दिवा आरशाला तेज देई, तोच त्याला काजळीही देई. तेलाच्या धुराची ती काजळी चिकट असते. कोरड्या फडक्याने ती जाण्याऐवजी पसरते. बिछायत आणि दिवाबत्ती यांचा बंदोबस्त फरासखान्याकडे असे, आणि दिवाणखान्यातल्या आरशांची पुसापुशीही त्याच व्यवस्थेच्या कक्षेत येणे स्वाभाविक होते.

सामान्य घरात मात्र आरसा अशा थाटाने आला नाही. तो न्हाव्याच्या धोकटीत आला, गौरीपुढे ठेवावयाच्या सौभाग्यवाणात फणी-करंड्यासोबत आला, आणि लाकडी पेटीच्या झाकणात बसून माजघरात आला. ही फणी-करंड्याची पेटी म्हणजे निगेचा एक उत्तम नमुना होय. झाकण उघडून तिरके उभे केले की जमिनीवर बसलेल्या स्त्रीला त्यात आपला चेहरा नीट दिसे, आणि प्रसाधन आटोपून झाकण मिटले की आरसा धूळ, धूर आणि दमटपणा या तिन्हींपासून आपोआप दूर राही. कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखण्याची तेव्हा रीत असल्यामुळे बोटांचे मेण आरशाला लागणे अपरिहार्य होते. मेणावर पाणी चालत नाही, आणि खरवडल्यास काचेवर ओरखडा उठतो. अशा वेळी ऊन केलेल्या जुन्या मलमलीच्या धडप्याने ते टिपून घेणे हाच खरा उपाय होता. चुलीची वस्त्रगाळ राख किंवा खडूची पूड किंचित ओलसर फडक्यावर घेऊन पुसणे आणि मागाहून कोरड्या कापडाने झटकून घेणे, हा काजळीवरचा उतारा. राखेतला क्षार तेलकटपणा तोडतो आणि तिचे सूक्ष्म कण तो शोषून घेतात. पुढे छापील वर्तमानपत्रे घरोघर येऊ लागली, तेव्हा त्यांच्या रद्दीचा बोळा फडक्याच्या जागी आला, कारण कापडाप्रमाणे त्याचे तंतू काचेवर मागे राहत नाहीत. हे सारे ज्ञान कोणत्याही दफ्तरात नोंदलेले नाही. ते सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे हातांनीच गेले, आणि म्हणूनच आपल्या इतिहासलेखनात त्याला जागा मिळाली नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

परंतु या परंपरेत एक दोषही शिरला होता, आणि तो सांगणे हे तिच्याविषयीच्या आदराशी विसंगत नाही. धातू घासून उजळण्याची शतकानुशतकांची सवय काचेच्या आरशालाही तशीच लागू करण्यात आली. आरसा अंधुक दिसू लागला की तो अधिक जोराने घासावा, पाण्याने खळखळून धुवावा आणि उन्हात वाळत ठेवावा, असे कित्येक घरांत होई. काचेला स्वतःला त्याने काही होत नसे. पण पाणी चौकटीच्या फटीतून उतरून पाठीमागच्या थराला भिडे, आणि थोड्याच दिवसांत खालच्या कडेने करडे डाग उमटू लागत. पारा उडाला, असे म्हणून मग त्या आरशाला अडगळीत टाकीत. पाऱ्याच्या आरशात हे डाग बहुधा तळाशी प्रथम दिसतात, याचे कारण असे की थरातला द्रवरूप पारा वर्षानुवर्षे कणाकणाने खाली ओघळत असतो, आणि ओल लागताच कथिलाचा क्षय तेथूनच सुरू होतो. कोकणात, जेथे पावसाळ्याचे चार महिने चिऱ्याची भिंत ओल धरून असते आणि समुद्रावरून येणारी हवा खारट असते, तेथे आरसा भिंतीला सपाट चिकटवून लावणे म्हणजे त्याला मरण देणेच होय. खाली लाकडाचा ठोकळा देऊन आणि वरून दोरीने पुढे झुकवून आरसा टांगला, तर मागून हवा खेळती राहते आणि भिंतीची ओल त्याच्या पाठीला पोहोचत नाही.

1835 मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढविण्याची रासायनिक क्रिया दाखवून दिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक कारखान्यांतून पाऱ्याचे उच्चाटन झाले. चांदीच्या क्षाराच्या द्रावणातून शुद्ध चांदी काचेवर उतरवावयाची, तिच्या पाठीवर संरक्षणासाठी पुढे तांब्याचा आणि रंगाचा लेप द्यावयाचा, ही पद्धत कारागिराला निर्धोक आणि प्रतिबिंबाला अधिक तेजस्वी ठरली. तथापि चांदीचाही एक शत्रू आहेच, तो म्हणजे गंधकयुक्त वायू. कोळशाचा धूर आणि गटाराची हवा यांत तो असतो. लेपाला चीर पडली की तो आत शिरून चांदी काळी करतो, आणि आरशाच्या कडांना ती काळी नक्षी दिसू लागते.

आपल्याकडे काचेच्या धंद्याला स्वदेशीच्या चळवळीत चालना मिळाली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. 1916 मध्ये ओगले बंधूंनी आपल्या कारखान्याचा पाया घातला, आणि कराडजवळची ओगलेवाडी त्यांच्या कंदिलांनी घरोघर पोहोचली. परंतु या कारखान्यांचे सामर्थ्य दिव्यांच्या चिमण्या, कंदिलाच्या काचा आणि बरण्या यांत होते. आरशासाठी लागणारी मोठी सपाट काच दीर्घकाळ परदेशातूनच, विशेषतः बेल्जियममधून येत राहिली, आणि म्हणूनच जुन्या घरांत बेल्जमचा आरसा हे आजही अभिमानाने उच्चारले जाणारे नाव आहे. कंदील आणि आरसा यांचा ऋणानुबंध येथेही सुटला नाही. चिमणीची काजळी जी राख आणि जे फडके घेऊन पुसली जाई, तीच राख आणि तेच फडके आरशावर फिरे, आणि राखेतला एखादा खडा चिमणीवर जो ओरखडा उठवी, तोच आरशावर कायमचा उठून दिसे.

आज वाडे पाडले जात आहेत आणि त्यांतील जुने आरसे कवडीमोलाने बाजारात जात आहेत. ते ज्यांच्या घरी अद्याप आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की डाग पडले म्हणून पाठ खरवडून नवा थर चढविण्याची घाई करू नये; तो करडा, किंचित निळसर थर पाऱ्याचा असेल तर त्या विद्येची साक्ष देणारे कारागीर आता उरलेले नाहीत, आणि खरवडताना निघणारा पारा माणसालाही अपायकारक आहे. आरसा कोरड्या, मऊ कापडाने पुसावा. ओल लागलीच तर ती कापडाला लावावी, आरशाला नव्हे, आणि कडांपासून दूर ठेवावी. अमोनियाची तीव्र द्रावणे वापरू नयेत. ओली भिंत, चुलीची धग आणि थेट ऊन ही तिन्ही टाळावीत, आणि पाठीमागे वाऱ्याला वाट ठेवावी.

या नियमांत गहन असे काही नाही; पण त्यांच्या मुळाशी जे तत्त्व आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. प्रत्येक वस्तूची निगा तिच्या घडणीतून निघते. धातूच्या आरशावर घासण्याचा जो संस्कार योग्य होता, तोच काचेच्या आरशाला घातक ठरला, कारण हात जुने राहिले आणि वस्तू बदलली. आपल्या घरांत गेल्या शंभर वर्षांत किती तरी वस्तू अशा बदलल्या आहेत, की त्यांना वापरणारे हात मागच्या युगाचे आहेत आणि त्यांची घडण पुढच्या युगाची आहे. वस्तू टिकवावयाची असेल तर ती कशी घडली आणि कोणाच्या कष्टाने घडली, हे आधी जाणून घेतले पाहिजे. आणि माजघरातील स्त्रियांनी राख, मलमल आणि निरीक्षण यांच्या बळावर हे ज्ञान जितके मिळविले, तितके तरी त्या आपल्यात आहेत तोवर विचारून लिहून ठेवणे, हे आपल्या पिढीच्या इतिहासकारांचे कर्तव्य आहे.