मोडलेली गाडी आणि रस्त्याचा धनी

गेल्या पोळ्याची गोष्ट. आपल्या मंडळातले एक सभासद गोडादऱ्याहून रात्री गाडी घेऊन गावी, खान्देशात निघाले. पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्याखाली खड्डा. पुढचं डावं चाक आत गेलं, टायर फुटला, रिम वाकली, खालचा आर्म गेला. माणसं सुखरूप राहिली, पण गॅरेजवाल्यानं साडेअकरा हजारांचं बिल हातात ठेवलं. पुढच्या बैठकीत त्यांनी ते बिल चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि विचारलं, "हे पैसे कोणाकडे मागायचे?"

आमचे आबा कोपऱ्यातून म्हणाले, "रस्ता कोना शे, ते पहिले सांग."

सगळे हसले. पण नंतर जरा वाचायला घेतलं तेव्हा कळलं, की आबांनी विचारलेला प्रश्न सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. त्याचा हा थोडक्यात मागोवा.

1788: पूल नादुरुस्त, गाडी मोडली

मराठीत बैलगाडीही गाडी आणि मोटारही गाडी. कायद्याच्या इतिहासातही ही गोष्ट एका मालवाहू घोडागाडीपासूनच सुरू होते. इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात एक पूल नादुरुस्त होता. त्यावर गाडीचं नुकसान झालं. पुलाची डागडुजी परगण्यानं करायची, असा रिवाज होता. म्हणून गाडीवाल्यांनी परगण्याच्या रहिवाशांवरच दावा लावला. 1788 साली कोर्टानं तो फेटाळला.

कारणं ऐकण्यासारखी आहेत. एक, परगणा म्हणजे काही कायदेशीर संस्था नव्हे, तिच्याकडे सामाईक तिजोरी नाही, मग पैसे द्यायचे कुठून? दोन, एकाला दिले की दाव्यांना अंत राहणार नाही. तीन, सगळ्या जनतेची गैरसोय होण्यापेक्षा एकट्यानं नुकसान सोसलेलं बरं.

पुढे यातूनच एक चमत्कारिक नियम घट्ट झाला. रस्त्याचं काम हाती घेऊन ते बिघडवलं, तर रस्तेवाले जबाबदार. पण दुरुस्ती केलीच नाही, तर कोणीच जबाबदार नाही! म्हणजे खणून ठेवलेला खड्डा दोषी, आपोआप पडलेला खड्डा निर्दोष. इंग्लंडनं हा नियम 1961 च्या कायद्यानं मोडीत काढला, आणि तो बदल 1964 पासून लागू झाला. तिथं आज रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेला दाखवावं लागतं, की आम्ही वाजवी काळजी घेत होतो. ते दाखवता आलं तर ती सुटते, नाही तर भरपाई देते.

तिजोरी कधी आली?

पहिलं कारण होतं तिजोरी नसल्याचं. आपल्याकडे ते कधीच संपलं. सुरतेत नगरपालिका 1852 साली आली आणि 1966 साली महानगरपालिका झाली. म्हणजे दावा लावायला संस्था आहे, कर गोळा करणारी तिजोरीही आहे.

मोटारवाल्यांच्या पैशाची तर वेगळीच कथा आहे, आणि तिच्यात एक मराठी नाव आहे. 1927 साली देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोटारी वाढताहेत, रस्ते खराब होताहेत, आणि एवढा खर्च स्थानिक संस्थांना झेपणारा नाही, असं समितीला दिसलं. उपाय म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांना द्यावा, असं सुचवलं गेलं. गॅलनमागे दोन आणे कर आला आणि 1929 साली केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला.

तेव्हापासून आजपर्यंत इंधनावरचा रस्त्यासाठीचा कर कोणत्या ना कोणत्या रूपात चालू आहे. शिवाय गाडी घेताना आपण रोड टॅक्स भरतो, काही रस्त्यांवर टोलही देतो. डेव्हनचा गाडीवाला रस्त्यासाठी फारसं काही भरत नसेल. आपण मात्र गाडी चालवायच्या आधीपासून भरतो. पैसा रस्त्याकडे जायची वाट 1929 सालीच पक्की झाली. तो रस्त्याकडून आपल्याकडे परत यायची वाट मात्र अजून कच्चीच आहे.

घड्याळ पडलं, झाड पडलं

स्वतंत्र भारतातले दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे ही कच्ची वाट कुठून जाते ते कळतं.

पहिला दिल्लीचा. 1951 साली चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळला आणि माणसं दगावली. मनोरा नगरपालिकेचा होता, सुमारे 80 वर्षांचा. त्या तऱ्हेच्या बांधकामाचं आयुष्य मात्र 40-45 वर्षांचं धरलेलं. 1966 साली, म्हणजे सुरत महानगरपालिका जन्मली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दिल्लीची संस्था जबाबदार आहे. रस्त्यालगतची आपली जुनी इमारत तपासत राहणं तिचं कामच होतं.

दुसरा आपल्या गुजरातचा. 1975 साली राजकोटमध्ये कामावर निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि तो गेला. खालच्या कोर्टानं आणि हायकोर्टानं कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानं 1997 साली तो फिरवला. कायद्यात महापालिकेचं कर्तव्य लिहिलंय, म्हणून प्रत्येकाला भरपाईचा हक्क आपोआप मिळत नाही, असं त्याचं सार.

दोन्हींत माणसं गेली. फरक पडला तो एका गोष्टीनं. मनोरा धोक्याचा आहे हे पाहणाऱ्याला कळू शकलं असतं, झाडाचं मात्र आधी कळण्यासारखं नव्हतं. खड्ड्याच्या दाव्यातही सगळं इथंच अडतं: तो त्यांना माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का?

नवापूरच्या अलीकडे, नवापूरच्या पलीकडे

सुरतेहून भुसावळच्या गाडीनं जाणाऱ्या कोणालाही नवापूर स्टेशन ठाऊक आहे. अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. कायद्याचंही थोडंफार तसंच आहे. 1 मे 1960 पर्यंत दोन्ही बाजू एकाच मुंबई राज्यात होत्या. त्या राज्याचा 1949 चा महानगरपालिका कायदा दोघांच्या वाट्याला आला. आज नावं वेगळी आहेत, मूळ एक. त्यातलं कलम 63 सार्वजनिक रस्ते सांभाळणं हे महापालिकेचं बंधनकारक काम मानतं. कलम 487 मात्र दावा लावणाऱ्याला बांधतं: आधी लेखी नोटीस, मग एक महिना थांबायचं, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. रस्ता राज्य सरकारचा असेल तर दिवाणी संहितेप्रमाणे नोटिशीनंतर दोन महिने थांबावं लागतं. म्हणूनच "रस्ता कोना शे" हे पहिलं.

फरक पडतो तो हायकोर्टात. मुंबई हायकोर्टानं 2013 साली खड्ड्यांचा विषय स्वतःहून हाती घेतला आणि चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यानं मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमी झाल्यास 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. ही रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून आणि ठेकेदारांकडून वसूल करायलाही सांगितलं. हे महाराष्ट्राच्या बाजूचं झालं. गोडादऱ्याचं हायकोर्ट अहमदाबादला.

आणि नीट पाहिलं तर दिसेल, की हा आदेश जीव आणि जखमेसाठी आहे. नुसती गाडी मोडली, तर त्यात जागा नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 198-अ सुद्धा मृत्यू किंवा अपंगत्वापुरतंच, आणि तो दंड निधीत जातो. गाडीवाल्याला उरतो दिवाणी दावा, नाहीतर स्वतःचा विमा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर काहीच नाही. पूर्ण विमा असेल तर क्लेम मिळेल, पण पाच वर्षं जपलेला 50 टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. खड्डा दुसऱ्याचा, बोनस आपला!

कागद

हे सगळं सभासदांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सोडून द्यायचं?"

आबा म्हणाले, "त्या खड्ड्याबद्दल आधी कोणी अर्ज केलता का, ते पहा."

शोधलं. त्या रस्त्यावरच्याच गावातल्या एका दुकानदारानं महिनाभर आधी त्याच खड्ड्याचा अर्ज दिला होता. त्याच्याकडे पोचेचा शिक्का मारलेली प्रत होती. गॅरेजचं बिल, त्या रात्री काढलेले फोटो आणि ही प्रत जोडून आमच्या सभासदांनी नोटीस पाठवली. निकाल काय लागेल तो लागो. पण "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर आता त्या कार्यालयाला देता येणार नाही.

आपण इतिहासवाले जुना कागद जपतो. आपल्या गल्लीतल्या खड्ड्याचा नवा कागदही तयार करून ठेवायला हवा: तारीख, ठिकाण, फोटो, तक्रारीचा नंबर, शिक्का. आज आपण अर्ज दिला, तर उद्या त्याच खड्ड्यात अनोळखी माणसाची गाडी मोडल्यावर तोच त्याचा पुरावा ठरेल. डेव्हनच्या गाडीवाल्याला सांगितलं होतं, की सगळ्यांसाठी तू एकट्यानं सोस. एका दुकानदारानं दिलेला अर्ज दुसऱ्याच्या कामी आला, तेव्हा गोष्ट थोडी उलटी फिरली.