जांभ्यातील गर्भगृहे

खाणकामगारांच्या पहारीपुढे निसर्गाचे एखादे दालन एकाएकी उघडावे, अशा घटना जगात घडल्या आहेत. मेक्सिकोतील नैका येथे सन २००० मध्ये शिसे व जस्त यांच्या खाणीत, सुमारे ३०० मीटर खोलीवर, चुनखडीत दडलेली गुहा सापडली. तीत जिप्समचे स्फटिक ११ मीटरांपर्यंत वाढलेले होते. इतरत्र चुनखडीच्या गुहांतून पावसाचे पाणी दगड विरघळविते आणि थेंबाथेंबाने तोच चुना छताला व भुईवर साठवून लवणस्तंभ घडविते. तेथे पाणी हाच शिल्पकार.

गोमंतकातील डिचोली तालुकाही खाणींचाच प्रदेश. परंतु येथील प्रसिद्ध गुहांचा वृत्तान्त निराळा आहे. येथील दगड जांभा. उष्ण व दमट हवेत मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे उरले, आणि त्यांचा हा तांबडा खडक झाला. त्यात लवणस्तंभ वाढत नाहीत. मात्र खोदताना तो हत्याराला वश होतो आणि वारा लागला की कठीण बनतो. हा गुण ओळखून साखळीनजीक हरवळे येथे, सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास, कारागिरांनी डोंगर पोखरून दालने कोरली, असे मानले जाते. आत शिवलिंगे असून एका लिंगावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. लोक या लेण्यांना पांडवांची म्हणतात. त्यांचे मूळ बौद्ध असावे, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. जवळच धबधबा व श्रीरुद्रेश्वराचे देवस्थान आहे. डिचोलीनजीक लामगाव येथेही जांभ्यात कोरलेल्या गुहा आहेत.

याच तालुक्यात जांभ्याखाली लोहखनिज आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचा उपसा वाढत गेला. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपते, म्हणूनच गावचे झरे, विहिरी व देवळांच्या तळ्या भरतात. खाण जलपातळीखाली गेली की पंप चालू होतात आणि विहिरी तळ गाठतात. श्रीलइराईच्या शिरगावात हे घडले. ग्रामस्थांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नैका येथे पंप थांबल्यावर पाणी परतले आणि गुहा पुन्हा बुडाली. ते स्फटिक अशाच पाण्यात वाढले होते.

चुनखडीचा स्तंभ मोडला, तरी थेंब पडत असेल तर हजारो वर्षांनी तेथे दुसरा उभा राहू शकेल. हरवळ्याचे छत ढासळले तर त्याला पुन्हा वाढविणारा निसर्ग नाही, आणि ज्यांनी ते कोरले त्यांची नावेही आपणांस ठाऊक नाहीत. भेगांत रुजणारी झाडे वेळीच काढणे, भिंतींना रंग व सिमेंट न लावणे आणि डोंगरातील पाणी राखणे, हीही त्या स्थानाची पूजाच होय.