तळटीप : ‘सभाघर’

१. सभाघर : लेखिकेने हा शब्द मेनोनाइट पंथीयांच्या साध्या प्रार्थनागृहासाठी योजला आहे. पेनसिल्व्हेनियात सुरुवातीला उपासना घरोघरीच होत असे. लँकेस्टर परगण्यातले, हान्स हेर यांच्या नावाने ओळखले जाणारे दगडी घर ही त्याचीच खूण. ते १७१९ साली त्यांचा मुलगा ख्रिश्चन याने बांधले. दारावरच्या दगडात साल मधोमध तोडून कोरले आहे : आधी १७, मग बांधणाऱ्याची आद्याक्षरे, मग १९. राहते घर आणि सभाघर एकच.

वंशाचा माग काढणाऱ्यांना असा एखादा दगड फार मोलाचा वाटतो, आणि ते योग्यच आहे. मेनोनाइट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. त्यामुळे इतर पंथांत जन्माचा पत्ता देणाऱ्या बाप्तिस्म्याच्या वह्या इथे नसतात. मग आधार उरतो तो घरच्या बायबलात लिहून ठेवलेल्या नावांचा, जमिनीच्या खरेदीखतांचा आणि सभाघरालगतच्या थडग्यांचा. चित्रकार अँड्र्यू वायेथ हे याच हेर घराण्याचे वंशज; त्यांनी हे घर चित्रातही उतरवले आहे. — संपा.