ध्रुवीय वायुकलिलांचा अभ्यास

ध्रुवीय वायुकलिलांचा अभ्यास हे वातावरणविज्ञानाचे एक क्षेत्र असून त्यात आर्क्टिक व अंटार्क्टिक प्रदेशांतील हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म घन व द्रव कणांची संख्या, आकारमान, रासायनिक घटक आणि उगम यांचा शोध घेतला जातो. अशा कणांना वायुकलिल अथवा एरोसोल म्हणतात. भारतात पाषाण, पुणे येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्था (आयआयटीएम) व तिरुवनंतपुरम येथील अंतराळ भौतिकी प्रयोगशाळा यांनी या विषयावर काम केले आहे. भारताच्या ध्रुवीय मोहिमांचे नियोजन वास्को-द-गामा, गोवा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते.

महत्त्व

वायुकलिल सूर्यप्रकाश विखुरतात किंवा शोषतात, तसेच ढगांतील थेंब त्यांच्याभोवतीच तयार होतात. मानवी व्यवहारांमुळे त्यांच्यात किती भर पडली हे ठरवण्यासाठी मूळ स्वच्छ हवेची स्थिती माहीत असावी लागते. औद्योगिक युगापूर्वीच्या हवेची मोजमापे उपलब्ध नसल्याने वस्तीपासून दूर असलेली ध्रुवीय हवा, विशेषतः अंटार्क्टिकाची, तुलनेसाठी आधाररेषा मानली जाते. ही हवा दूषित झाल्यास तुलनेचे ते साधनच हातचे जाईल.

कणांचे उगम

अंटार्क्टिकाच्या किनारी भागातील कण मुख्यतः सागरी मिठाचे व गंधकयुक्त असतात. समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींच्या जीवनक्रियांमधून डायमिथाइल सल्फाइड हा वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फेटचे कण बनतात. उन्हाळ्यात ही क्रिया वाढते.

आर्क्टिकची स्थिती निराळी आहे. तेथे हिवाळ्याच्या अखेरीस व वसंत ऋतूत युरोप-आशियातील औद्योगिक प्रदेशांतून येणाऱ्या सल्फेट व काजळीमुळे धुरकट थर पसरतो. यास आर्क्टिक धुरके म्हणतात. १९५०च्या दशकात वैमानिकांच्या निरीक्षणांतून त्याकडे लक्ष वेधले गेले. काजळी बर्फावर बसली की बर्फाची परावर्तनक्षमता घटते व ते लवकर वितळते.

मोजमापाची साधने

कण मोजण्याच्या एका उपकरणात हवा अल्कोहोलच्या बाष्पातून नेली जाते. बाष्प कणांवर सांद्रित होऊन त्यांचे थेंब फुगतात आणि ते प्रकाशकिरणाच्या साहाय्याने मोजता येतात. एथॅलोमीटर हे उपकरण गाळणकागदावर जमलेल्या कणांनी किती प्रकाश शोषला यावरून काजळीचे प्रमाण काढते. सन फोटोमीटरने जमिनीपासून आकाशापर्यंतच्या संपूर्ण हवास्तंभातील कणांचा अंदाज येतो.

स्थानकावरील जनित्रे, वाहने व हेलिकॉप्टर यांचा धूर ही या कामातील मुख्य अडचण आहे. त्यामुळे उपकरणे वस्तीच्या वाऱ्याकडील बाजूस ठेवतात आणि वारा स्थानकाकडून येत असतानाच्या नोंदी वगळतात.

भारतीय संशोधन

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. शिरमाखर ओअॅसिसमधील मैत्री स्थानक १९८९ पासून, तर लार्समन टेकड्यांमधील भारती स्थानक २०१२ पासून कार्यरत आहे. आर्क्टिकमध्ये स्वालबार द्वीपसमूहावरील न्यू-ऑलसुंड येथे २००८ मध्ये हिमाद्री स्थानक सुरू झाले. डिसेंबर २०२३ पासून तेथे भारतीय शास्त्रज्ञांचे पथक हिवाळ्यातही पाठवले जाऊ लागले.

आयआयटीएमचे सी. जी. देशपांडे व ए. के. कामरा यांनी जानेवारी-फेब्रुवारी १९९७ मध्ये मैत्री येथे कणांच्या आकारमानांची मोजणी केली. कणांची एकूण संख्या सामान्यतः दर घन सेंटीमीटरला ८०० ते १,२०० आढळली. कमी दाबाचे क्षेत्र स्थानकावरून जात असताना ही संख्या सुमारे दसपट होई. म्हणजे स्वच्छ हवेतील कणसंख्याही स्थिर नसते, ती हवामानानुसार बदलते. शहरी हवेत ही संख्या अनेकदा १०,००० च्या पुढे जाते.

याच संशोधकांनी मैत्री येथे वातावरणीय विद्युत्‌क्षेत्र व हवेची विद्युत्‌वाहकता यांचाही अभ्यास केला. हवेतील विद्युत्‌भारित लहान आयन कणांना चिकटले की त्यांची गती मंदावते व वाहकता घटते. ध्रुवीय हवेत कण विरळ असल्याने पृथ्वीव्यापी विद्युत् मंडलाचा दैनंदिन चढउतार तेथे अधिक स्पष्ट दिसू शकतो.

शहरी हवेशी संबंध

आयआयटीएमने विकसित केलेल्या सफर या हवा गुणवत्ता अंदाज प्रणालीची केंद्रे पिंपरी-चिंचवड परिसरात भोसरी, निगडी तसेच वाकडलगतच्या भूमकर नगर येथे आहेत. तेथे मुख्यतः कणांचे वस्तुमान, म्हणजे पीएम २.५ व पीएम १० यांचे प्रमाण मोजतात. ध्रुवीय अभ्यासात मात्र कणांची संख्या व आकारमान यांना अधिक महत्त्व असते, कारण वस्तुमानात नगण्य ठरणारे अतिसूक्ष्म कणही पुढे वाढून ढगांचे बीज होऊ शकतात. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या आकड्यांची थेट तुलना करताना हा भेद लक्षात घ्यावा लागतो.