उपरी आणि पुरक्कुडी

तंजावरच्या शेतीविषयीचा एक तमिळ लेख मराठीत आणायला घेतला, तेव्हा 'मिरासदार' या शब्दाची मला जराही धास्ती नव्हती. शब्द मुळात अरबी, मिरास म्हणजे वारसा. पण मराठीत तो इतका मुरला आहे की द. मा. मिरासदारांच्या कथा वाचताना त्या आडनावामागची जमीन कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. मी तो तसाच ठेवला. अडले ते पुढच्या पानावर. तिथे मिरासदारासमोर 'पुरक्कुडी' उभा होता, आणि त्याच्याही मागे 'पण्णैयाळ'.

पुरम म्हणजे बाहेर, कुडी म्हणजे घर, कुळ, रयत. बाहेरगावाहून आलेला, दुसऱ्याची जमीन कसणारा, मालक म्हणेल तोवर टिकणारा. म्हणजे आपला उपरी. खूण पटली की अनुवादकाला होतो तो आनंद मला झाला, आणि तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की उपऱ्याचा शेवट आणि पुरक्कुडीचा शेवट एक नाही.

देशावरच्या जुन्या गावात मिरासदार (त्यालाच थळकरीही म्हणत) आणि उपरी असे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरत असेल तोवर ती कुणी काढून घेत नसे. ती विकता येई, गहाण टाकता येई, गावात त्याला मान असे. उपऱ्याला यातलं काही नाही. पण त्याला एक दार होतं. दुष्काळात, लढायांत, रोगराईत घराणी बुडत आणि त्यांची जमीन गतकुळी म्हणून पडून राही. पडीक जमिनीतून सरकारात काही येत नाही. म्हणून कौल देऊन, इस्तावा बांधून, म्हणजे पहिली काही वर्षं सारा कमी ठेवून मग चढवत नेऊन, माणसं बोलावली जात. गतकुळी जमिनीचं मिरासपत्र होई आणि उपऱ्याचा मिरासदार होई. सगळ्यांचाच होत नसे, हे खरं. तरी माणूस थोडा आणि जमीन फार असल्यामुळे नव्या माणसाची गावाला गरज होती.

कावेरीच्या खोऱ्यात हे गणित उलटं होतं. कल्लणैच्या बांधापाशी कावेरी फुटते, वेण्णार वेगळी होते, पुढे कालव्यांचं जाळं होतं आणि पाणी शेताशेतात जातं. अशा ठिकाणी मोकळी जमीन राहत नाही. इथलं मोजमापच पाहा: सुमारे पावणेसात एकरांची एक वेली, वेलीचे वीस मा, एका माचे शंभर कुळी. (हा ळ तमिळचा खास ழ, आपल्या कुळाशी त्याचा संबंध नाही.) एका कुळीत जेमतेम एक खोली बसेल. जिथे जमीन खोलीच्या हिशेबाने मोजली जाते तिथे उपऱ्याला बोलावून कोण देणार?

१६७५-७६ च्या सुमारास एकोजीराजे तंजावरला आले तेव्हा हे सगळं आधीपासून होतं. वंशपरंपरेच्या या हक्काला तमिळमध्ये काणियाट्चि म्हणत, आणि त्याचे उल्लेख चोळांच्या काळापासून सापडतात. मराठी अमलातल्या आणि नंतरच्या कंपनीच्या महसुली दप्तरांत त्यालाच मिरास हे नाव रूढ झालं. मिराशी हक्कावर सरकारने विचारलेल्या सतरा प्रश्नांना फ्रान्सिस व्हाइट एलिस या मद्रासच्या कलेक्टरने दिलेली उत्तरं १८१८ साली छापली गेली. त्यात काणियाट्चि आणि मिरास ही जोडी पक्की झालेली दिसते. हाच एलिस, ज्याने १८१६ मध्ये तमिळ, तेलुगू, कन्नड ही संस्कृतची लेकरं नसून त्यांचं घराणं वेगळं आहे असं मांडलं. भाषांची कुळं वेगळी करणाऱ्या माणसाने जमिनीच्या बाबतीत दोन शब्द एकावर एक ठेवले याची मला गंमत वाटते. पण त्याला दोष देववत नाही. मीही तेच करत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने तंजावरच्या पावणेसहा हजार गावांची वर्गवारी केली. सुमारे अठराशे गावं 'एकभोगम', म्हणजे अख्खं गाव एका मालकाचं. जवळपास तितकीच 'समुदायम', म्हणजे जमीन हिस्सेदारांची सामाईक. उरलेल्यांत हिस्से वाटून घेतलेले. हिस्सा विकत मिळे, पण तो घ्यायला ऐपत लागे. ज्याच्याकडे फक्त हात होते त्याला दोनच जागा: वाट्याने किंवा खंडाने कसणारा पुरक्कुडी, नाहीतर पण्णैयाळ.

पण्णैयाळला मी आधी 'सालगडी' लिहिलं होतं. दुसऱ्या वाचनात खोडलं. सालगड्याचा करार पाडव्याला संपतो. पटलं नाही तर तो दुसऱ्या वाड्यावर जातो, निदान जाऊ शकतो. पण्णैयाळ पिढ्यानपिढ्या एका पण्णैला, म्हणजे मालकाच्या शेतीला, कर्जाने आणि जातीने बांधलेला असे. बहुतेक पण्णैयाळ परैयर आणि पळ्ळर. १८४३ च्या कायद्याने कंपनीने गुलामीला न्यायालयात आधार नाकारला, पण चेरीतली झोपडी मालकाच्याच जमिनीवर होती, तेव्हा जाणार कुठे? विसाव्या शतकाच्या चाळिशीत बी. श्रीनिवास राव यांच्यासारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी इथे किसान सभा बांधली, तेव्हाच्या पहिल्या मागण्यांत मजुराला चाबकाने मारू नये आणि शेणाचं पाणी पाजू नये, याही होत्या. या ओळीचा अनुवाद मी एका बैठकीत केला नाही.

मधल्या काळात राज्य गेलं. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी कारभार कंपनीला दिला. १८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्यासकट खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब न्यायालयात गेल्या. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १८५९ मध्ये तिथे निकाल लागला की ही राज्यकृती आहे, न्यायालयाचा इथे अधिकार नाही. पुढे सरकारने मेहरबानी म्हणून मालमत्ता राण्यांना परत दिली. तंजावरच्या मराठी घरांत ही गोष्ट अजून हळहळून सांगतात. मला मात्र त्या हळहळीत एक गोष्ट खटकते: या सगळ्या उलथापालथीत मिरासदाराच्या शेताचा बांध हलला नाही. कंपनीचा पट्टा त्याच्याच नावाने झाला.

बांध हलायला १९५२ उजाडलं. राजाजी त्या वर्षी मद्रासचे मुख्यमंत्री झाले होते आणि ऑगस्टमध्ये त्यांनी तंजावर जिल्ह्यापुरता वटहुकूम काढला. त्याचाच पुढे 'तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण' कायदा झाला. एका गावात एका वेलीहून जास्त जमीन असलेल्या मालकांना तो लागू. कुळाला पिकाचा किमान चाळीस टक्के वाटा, कुळाला आणि पण्णैयाळला कामावरून काढण्यावर बंधन, पण्णैयाळची मजुरी ठरलेली. १९५६ च्या कायद्याने ओल्या जमिनीत मालकाचा वाटाच चाळीस टक्क्यांवर आणला. पुढे तो पंचवीस झाला. १९६९ मध्ये कुळांची नोंदवही सुरू झाली.

कायदे चांगले होते, आणि ज्याचा पाय आधीच शेतात होता त्याला त्यांनी शेतात रोवला. पण्णैयाळाचं मात्र वेगळं झालं. बऱ्याच मालकांनी कायमचा गडी ठेवणंच बंद केलं आणि रोजाने माणसं लावली. बेडी गेली आणि तिच्यासोबत वर्षभराच्या भाताची खात्रीही. लावणी, कापणी, पाणी देणं, सगळं येणारा हा माणूस. शेती सुरू करायला त्याला फक्त जमीन हवी होती.

तंजावरच्या मेल वीधीत, म्हणजे पश्चिमेच्या राजरस्त्यावर, मी ज्यांच्याकडे जाते त्या मामांचं घराणं मराठी. पूर्वजांना दरबारातून दोन वेली जमीन मिळालेली. मामांचं मराठी दोनतीनशे वर्षं तमिळात भिजलेलं. मी पुण्याकडची, त्यामुळे माझं मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं. त्यांच्या वडिलांनी १९६० नंतर जमीन विकली. कुळांचा कायदा आला, जमीनधारणेची कमाल मर्यादा आली (१९६१ मध्ये तीस प्रमाण एकर, १९७० मध्ये पंधरा), मुलं मद्रासला नोकरीला लागली. "दोन वेली म्हणजे मर्यादेच्या आतच होती हो," मामा म्हणाले, "पण भीती मर्यादा पाहून येत नाही." त्या काळात इथले कितीतरी ब्राह्मण मिरासदार असे शहरात गेले, आंद्रे बेतेय यांनी १९६५ च्या आपल्या पुस्तकात एका तंजावरी गावातलं हे स्थित्यंतर टिपलं आहे.

आता मामांचा नातू कृषी पदवीधर आहे आणि त्याला शेती करायची आहे. रस्त्याच्या जवळ एकराला वीस लाख सांगतात, असं तो म्हणाला. आम्ही जेवणानंतर हिशेब मांडला. एकरी बावीस क्विंटल भात, क्विंटलला २०२४-२५ चा केंद्राचा हमीभाव २,३०० रुपये. बियाणं, खत, मजुरी, सगळा खर्च शून्य धरला तरी चाळीस पिकं. वर्षाला दोन धरली तरी वीस वर्षं, एका एकरासाठी. "आणि कावेरीला पाणी हवं," मामा म्हणाले. मेट्टूर धरण १२ जूनला उघडायचा प्रघात आहे. दर वर्षी तो पाळता येतोच असं नाही. भाताच्या भावाने ही जमीन विकत घेता येत नाही. ती घेतो तो दुसरीकडे कमावलेल्या पैशाने.

"महाराष्ट्रात बरं असेल," नातू म्हणाला. मला सांगावं लागलं की आमच्याकडे पैसा असूनही भागत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यातल्या कलम ६३ मुळे शेतकरी किंवा शेतमजूर नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सावकार आणि सट्टेवाले दूर राहावेत म्हणून केलेली तरतूद. आयुष्यभर शेतात राबलेल्या शेतमजुराला हे कलम अडवत नाही, पण त्याच्याकडे सातबारा नसतो. तमिळनाडूत अशी अट नाही. तिथे कुणीही जमीन घेऊ शकतो, म्हणजे ज्याला परवडते तो.

मग भाडेपट्टा? त्याला इथे कुत्तगै म्हणतात, आपल्या गुत्त्याचं भावंड वाटावं असा शब्द. नोंद झालेलं कूळ सहजी काढता येत नाही, म्हणून मालक नव्या माणसाला कागद देत नाही. तोंडी देतो. तोंडी कुत्तगैवाल्याचं नाव अडंगलमध्ये, म्हणजे पिकाच्या नोंदीत, नसेल तर पीककर्जाला आणि नुकसानभरपाईला तो दिसतच नाही. जुन्या कुळाला वाचवणारा कायदा नव्या कुळाला दारात उभं करत नाही. यावर मला सोपं उत्तर सुचत नाही. तो कायदा नको होता असं तर मुळीच म्हणवत नाही.

कारण पुढे कीळवेण्मणि आहे. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या या गावी, मजुरीत थोडं जास्त भात मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, जाळली गेली. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी जमीनदारांना निर्दोष सोडलं.

त्या घटनेनंतर कृष्णम्माळ आणि एस. जगन्नाथन हे जोडपं या भागात येऊन राहिलं. दोघंही भूदानातले. आपल्या कोकणातल्या गागोद्याचे विनोबा १९५६-५७ मध्ये तमिळनाडूत पायी फिरले तेव्हा जगन्नाथन त्यांच्याबरोबर होते. पण भूदानाची पद्धत कावेरीच्या खोऱ्यात फार चालली नाही. जिथे कुळी मोजतात तिथे कोण दान देणार? १९८१ मध्ये त्यांनी लाफ्टी ही संस्था काढली आणि सरळ जमीन विकत घ्यायचा मार्ग धरला. मालकाशी बोलणी, बँकेचं कर्ज, आणि एकेका एकराचा कागद दलित कुटुंबातल्या बाईच्या नावाने. असे दहा हजारांहून अधिक एकर झाले. मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो कागदावरचा बाईचा अंगठा. गतकुळी जमिनीचं मिरासपत्र मिळण्याची वाट इथे कधी नव्हती. ती या बाईसाठी बाजारभावाने विकत घ्यावी लागली, आणि पैसा उभा करायला आयुष्यभर उन्हात चालणारी दोन माणसं लागली.

माझ्या अनुवादात अखेर 'उपरी' राहिला नाही. आजच्या वाचकाला तो शब्द लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'कडे नेईल. तो अर्थ वाईट नाही, पण वेगळा आहे. आणि ज्याला जुना महसुली अर्थ ठाऊक आहे त्याला वाटेल की पुरक्कुडीचाही कधीतरी मिरासदार होत असे. म्हणून पुरक्कुडी तसाच ठेवला, पण्णैयाळही. मिरासदार मात्र बदलून 'काणियाट्चिवाला' करावा की काय, यावर मामांचं मत विचारलं. ते म्हणाले, "राहू द्या. तो कुठेही गेला तरी ओळखू येतो."

नातवाने या वर्षी तीन मा जमीन तोंडी कुत्तगैने घेतली आहे. मालक बंगळुरूला असतात. अडंगलमध्ये नाव त्यांचंच आहे.