तरवडीचा ‘दीनमित्र’: खेड्यातून निघालेलं, ५७ वर्षं चाललेलं साप्ताहिक

अहिल्यानगर जिल्हा: नेवासा तालुक्यातलं तरवडी हे तसं छोटं गाव. पण महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात या गावाचं नाव पक्कं नोंदलेलं आहे. सत्यशोधक चळवळीचं ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक इथून निघायचं. मुकुंदराव पाटील यांनी ते १९१० साली आधी सोमठाणे गावातून सुरू केलं, नंतर तरवडीला आणलं आणि १९६७ पर्यंत चालवलं. त्याच वर्षी मुकुंदरावांचं निधन झालं आणि ‘दीनमित्र’ही थांबला.

मुकुंदरावांचा जन्म १८८५ चा. त्यांचे जन्मदाते वडील म्हणजे कृष्णराव भालेकर. महात्मा फुले यांचे सहकारी असलेल्या भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला होता. म्हणजे छापखान्याची शाई घरातच होती. मुकुंदराव तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेले. ‘दीनमित्र’ हे नावही नवं नव्हतं. गणपतराव पाटील यांनी याच नावाचं मासिक १८८८ साली काढलं होतं.

त्या काळात बहुजन समाजाची इतरही पत्रं होती. पुण्यात ‘विजयी मराठा’, बडोद्यात ‘जागृती’, बेळगावात ‘राष्ट्रवीर’. पण ही सगळी शहरातली. शहरात कागद मिळतो, खिळे जुळवणारा कामगार मिळतो, टपाल लगेच जातं. खेड्यात यातलं काहीच हाताशी नसतं. त्यात १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभरात सहा माणसंही साक्षर नव्हती. एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असाच तो काळ.

मग पत्रात असायचं काय? सावकारी, भटशाही, जातिभेद, बहुजनांचं शिक्षण. आणि मुख्य म्हणजे गावचा कुलकर्णी. आज सातबारा मोबाईलवर दिसतो, म्हणून तेव्हाची अडचण चटकन लक्षात येत नाही. जमिनीचं आणि साऱ्याचं दप्तर कुलकर्ण्याकडे असायचं, तेही वतनाने, बापाकडून मुलाकडे. त्यात काय लिहिलंय हे ज्याच्या नावावर जमीन त्यालाच वाचता यायचं नाही. अंगठा कशावर उमटवला हे कळेपर्यंत शेत हातातून गेलेलं असायचं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद केली, त्यामागचं दुखणं हेच.

मुकुंदरावांनी याच विषयावर ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिलं, तेही ओव्यांमध्ये. ही युक्ती मोठी हुशारीची होती. पोथी ऐकायची सवय गावाला होतीच, त्यामुळे त्याच चालीत कुलकर्ण्याच्या करामती ऐकताना कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सावकारावर ‘शेटजी प्रताप’, आयत्या अन्नावर जगणाऱ्या भिक्षुकीवर ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही कादंबरी. भाषा बोचरी, कधी कधी फारच बोचरी. टीका करणारा स्वतः पाटलाच्या घरचा, हेही विसरून चालणार नाही. गावात सत्ता काही एकट्या कुलकर्ण्याकडेच नव्हती.

मुकुंदराव जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्याला जाऊन बसले असते, तर पत्र चालवणं सोपं झालं असतं. ते गेले नाहीत. ज्यांच्याविरुद्ध लिहायचं ती माणसं पंचक्रोशीतलीच आणि ज्यांच्यासाठी लिहायचं तीही तिथलीच. असं पत्र चालवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जावं लागतं.

‘दीनमित्र’ हा बराचसा एका माणसाच्या जिवावर उभा होता, त्यामुळे तो माणूस गेल्यावर पत्रही उरलं नाही. मुकुंदरावांचं लेखन पुढे समग्र वाङ्मय म्हणून ग्रंथरूपात आलं. तरवडीत त्यांचं स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने साहित्य पुरस्कारही दिले जातात.