डोंगा आणि रेगाटा

“गुर्जी, पोट्ट्याले इंजिनेर व्हाले पाठवलं, अन् थो तिकडं डोंगा हाकून रायला!”

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या आमच्या जामच्या चौरस्त्यावर एका कास्तकाराने मला भर माणसांत अडवून हे गाऱ्हाणे सांगितले. मुलगा माझ्याच हाताखाली शिकलेला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला तेव्हा ह्याच टपरीवर त्याच्या वडिलांनी सगळ्यांना चहा पाजला होता. आता त्याच मुलाने फोनवरून कळवले होते, की तो कॉलेजच्या बोट क्लबात दाखल झाला असून रोज पहाटे नदीवर वल्ही मारायला जातो.

“भाऊ, खेळ आहे तो,” मी म्हणालो आणि वेळ मारून नेली. पण घरी आल्यावरही प्रश्न मनातून हलेना. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. कॉलेज ही वस्तू मी बाहेरूनच पाहिलेली. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलाने नाव का वल्हवावी, ह्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. शाळामास्तराजवळ उत्तर नसले की तो पुस्तकांकडे वळतो. मीही वळलो.

त्या कास्तकाराचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही. आमच्या मुलखात नाव ही कधीच खेळाची वस्तू नव्हती. जुन्या काळी वेणा काय, वर्धा काय, पावसाळ्यात पलीकडे जायचे तर भोयाच्या नाहीतर धिवराच्या डोंग्याशिवाय गती नसे. पूल झाले, तसा तो धंदा मावळत गेला. मागे उरली ती पाण्याची भीती. तीही काही खोटी नाही. २०२१ सालच्या सप्टेंबरात वरुडजवळच्या झुंज येथे ह्याच वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसे बुडाली. ज्या नदीने अशी माणसे नेली, तिच्या काठच्या बापाला ‘बोट’ हा शब्द ऐकून धडकी भरली तर नवल कसले?

पुण्याची गोष्ट निराळी आहे. मुळा आणि मुठा ह्यांचा संगम तिथे शहरातच होतो. पण नुसत्या नद्या असून भागत नाही. आपल्या दख्खनच्या नद्या पावसाळ्यात पिसाळतात आणि उन्हाळ्यात त्यांचे खडक उघडे पडतात. अशा पात्रात शर्यतीची नाव चालायची नाही. तिला संथ, खोल, अडवलेले पाणी लागते. ते पुण्यात आले ते एका बंधाऱ्यामुळे. सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्या मोठ्या देणगीतून १८५० च्या सुमारास संगमाच्या खाली नदीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. हेतू पाणीपुरवठ्याचा होता. परंतु बंधाऱ्यामागे जे पाणी तुंबले, त्याचा फुगवटा पार संगमापर्यंत गेला आणि नौकाविहाराला बारमाही जागा तयार झाली.

तिचा पहिला लाभ घेतला तो अर्थात साहेबांनी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ह्या विद्यापीठांची नावांची शर्यत विलायतेत १८२९ साली सुरू झाली होती. तिकडून येणारे तरुण अधिकारी आणि व्यापारी हा नाद बरोबर घेऊन आले. कलकत्त्याला १८५८ साली, मद्रासला १८६७ साली आणि पुण्याला १८६८ साली त्यांची नौकामंडळे निघाली. पुण्याच्या मंडळाला पुढे ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांचे नाव मिळाले. वल्ही साहेबांच्या हातात असत. आपला माणूस त्या घाटावर असलाच, तर नाव धुवायला आणि ओढून ठेवायला.

नेमक्या ह्याच वर्षांत संगमाजवळ दुसरी एक इमारत उभी राहत होती. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा एक छोटा वर्ग सुरू झाला होता. सरकारला रस्ते, कालवे, धरणे आणि पूल बांधायचे होते. त्यांसाठी दुय्यम दर्जाची माणसे हवी होती. ती तयार करणे एवढाच त्या वर्गाचा हेतू. वरचा दर्जा साहेबाचा, हे गृहीतच होते. १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. पुढे त्या शाळेचे कॉलेज झाले, ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झाले, १९११ साली ‘कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग’ झाले, आणि २०२२ पासून ते स्वतंत्र तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. ह्याच कॉलेजातून १८८३ साली विश्वेश्वरय्या बाहेर पडले. दुय्यम माणसे तयार करायला काढलेल्या संस्थेने देशाला पहिल्या प्रतीचा स्थापत्यविशारद दिला. वीस वर्षांनी, १९०३ मध्ये, त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे मुठेवरच्या खडकवासला धरणावर बसले.

आणि १९२८ साली ह्या कॉलेजाचा बोट क्लब स्थापन झाला.

साल ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या वर्षी सायमन कमिशनला काळी निशाणे दाखवली जात होती. बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारावाढीविरुद्धचा लढा त्याच वर्षी जिंकला. आणि त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला हिंदी हॉकी संघाने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. साहेबाचा खेळ साहेबापेक्षा चांगला खेळून दाखवता येतो, हे लोकांना कळू लागले होते. इंजिनिअरिंगच्या मुलांनी संगमावर वल्ही हातात घेतली ती ह्या हवेत. त्यांच्या मनात काय होते ते सांगायला आज कोणी नाही, म्हणून तो देशभक्तीचा प्रकार होता असे मी म्हणणार नाही. पण साठ वर्षे जे पाणी बहुतांशी साहेबाच्या नावांचे होते, त्यावर आता देशी पोरांची हक्काची नाव आली, एवढे खरे. २०२८ साली ह्या घटनेला शंभर वर्षे पुरी होतील.

आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या हंगामाची हकीकत मी त्याच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली. आधी पोहणे. पोहता आल्यावाचून नावेत पाय ठेवायचा नाही, हा कोणत्याही नौकामंडळाचा पहिला नियम. आमच्या गावचा मुलगा, त्याने पाणी पाहिले ते विहिरीत वाकून. दोन महिने त्याचे पोहण्यातच गेले. मग रुंद, जड नावेवर सराव. मग हाताला फोड, फोडांवर पट्ट्या, आणि पट्ट्यांवर पुन्हा वल्हे.

ह्या नावांची रचना मोठी चमत्कारिक असते. आठ जणांची शर्यतीची नाव साठ फुटांच्या आसपास लांब, पण रुंदी जेमतेम दोन फूट. एकाने अंग वाकडे केले की सगळी नाव कलते. बसायची फळी चाकांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे खरे बळ दंडाचे लागत नाही, पायांचे लागते. वल्हे एकाच क्षणी पाण्यात जायला हवे आणि एकाच क्षणी बाहेर यायला हवे. एखाद्याचे वल्हे क्षणभर उशिरा निघाले, तर पाणी ते धरून ठेवते आणि त्याचा दांडा उलटून वल्हवणाऱ्याच्या छातीवर बसतो. इंग्रजीत ह्याला खेकडा पकडणे म्हणतात. आमच्या पठ्ठ्याने पहिल्या महिन्यात पुष्कळ खेकडे पकडले!

आणखी एक गंमत. वल्हवणारे सगळे पाठमोरे बसतात. नाव जिकडे जाते तिकडे त्यांची पाठ असते. पुढचे दिसते ते फक्त सुकाणू धरून बसलेल्या एकट्याला, ज्याला ‘कॉक्स’ म्हणतात. तो वल्हे मारीत नाही. तो दिशा सांभाळतो आणि ठेका देतो. बाकीचे त्याच्या शब्दावर विसंबून आंधळ्यासारखे बळ लावतात. ही जागा हलक्या वजनाच्या माणसाला देतात. आमचा मुलगा अंगाने किरकोळ, आणि आवाज मात्र शिवारात गुरे हाकून कमावलेला. हंगामाच्या मध्यावर त्याला चौघांच्या नावेवर कॉक्स केले.

ही बातमी जामला पोचली, तेव्हा वडील म्हणाले, “म्हंजे आता थो डोंगाही हाकत नाई. नुसता बसून वरडते!”

वर्षाच्या शेवटी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, क्लबाचा ‘रेगाटा’ असतो. शब्द मूळचा व्हेनिसचा. तिथे तो नावांच्या शर्यतीला वापरीत. पुण्यात मात्र शर्यतीपेक्षा खेळांचा सोहळा असे त्याला रूप आले आहे. संध्याकाळी काठावर माणसांची दाटी होते. लांबट नावा बाणाच्या आकाराने चालून येतात. सपाट पंटांच्या रचना होतात, चिमुकल्या कयाक नाचल्यासारख्या फिरतात, आणि मशालींचा खेळ होतो. आग्रह करकरून मी त्या कास्तकाराला पुण्याला नेले.

गर्दीत आम्हांला मागची जागा मिळाली. मुलाची नाव आली तेव्हा अंधार पडत होता. चेहरा दिसला नाही, आवाज तेवढा ओळखू आला. वडील टाचा उंचावून ऐकत होते. काही वेळाने माझ्या कानाशी म्हणाले, “चार जनं हायेत गुर्जी, पन वल्हं एकच वाजून रायलं.”

पुस्तकांत मी जे शोधीत होतो ते त्यांनी काठावर उभ्याउभ्या सांगून टाकले. पूल एकट्याने बांधता येत नाही, धरणही नाही. आपल्याला पुढचे दिसत नसताना दुसऱ्याच्या शब्दावर भार टाकायचा, आणि आपल्याला दिसत असताना चौघांचा भार आपल्या शब्दावर घ्यायचा, हे कोणत्या वर्गात शिकवतात?

पण लगेच त्यांनी नाक मुरडले. वारा फिरला होता आणि नदीचा वास काठावर आला होता. पुण्याची ही नदी आज शहराचे सांडपाणी वाहून नेते. जलपर्णी माजली की पाण्याचा हिरवा माळ होतो आणि वल्हे चालत नाही. “एवढं पानी आपल्या शिवारात असतं, त पूजा केली असती आपन त्याची,” ते म्हणाले. “अन् ह्यायनं हे असं नासवलं!”

मी निरुत्तर झालो. ह्याच संगमावरून १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा लोंढा गेला. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. पुढे धरणे पुन्हा उभी राहिली. पाणी अडवण्याची विद्या आपण शिकलो, हरल्यावर पुन्हा शिकलो. अडवलेले पाणी स्वच्छ ठेवण्याची विद्या मात्र अजून यायची आहे. बोट क्लबातला मुलगा निदान रोज पहाटे त्या पाण्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. नदीचे काय झाले आहे, हे नकाशावरून त्याला सांगावे लागत नाही.

आणि पाणी नसलेल्या गावाचे म्हणाल, तर दत्तू भोकनळ ह्यांचे उदाहरण पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव. मुलूख दुष्काळी. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर जात. २०१२ साली दत्तू सैन्यात भरती झाले, आणि पुण्यात आल्यावर त्यांच्या हाती वल्हे आले. आधी त्यांनाही पाण्याची भीतीच होती. त्यांनी सराव केला तो सैन्याच्या पुण्यातल्या केंद्रात, ह्याच मुळेच्या काठी, कॉलेजच्या घाटापासून काही मैल वर. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव वल्हवे म्हणून ते उतरले आणि तेरावे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सवर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग ह्यांच्याबरोबर त्यांनी चौघांच्या नावेत सुवर्णपदक जिंकले. साहेबांच्या १८६८ च्या मंडळापासून विहीर खोदणाऱ्याच्या मुलापर्यंत ह्या खेळाला यायला दीडशे वर्षे लागली. पण तो आला.

परतीच्या गाडीत वडील फारसे बोलले नाहीत. वर्धा जवळ आल्यावर फक्त एवढेच विचारले, “पवायले किती दिवसांत येते गुर्जी?”

पुढच्या उन्हाळ्याच्या सुटीत मुलगा गावी आला. त्याने माझ्या शाळेतली सहा-सात पोरे गोळा केली आणि त्यांना स्वतःच्या शेतातल्या विहिरीवर पोहायला शिकवू लागला. पोरांच्या पाठीला रिकामे डबे बांधले होते आणि कमरेला दोर होता. मी पाहायला गेलो, तेव्हा मुलगा पाण्यात उभा राहून त्याच खणखणीत आवाजात ठेका देत होता. वर काठावर त्याचे वडील पाय रोवून उभे होते. दोराचे दुसरे टोक त्यांच्या हातात होते.